कोनिंग्सडाख: राजाच्या वाढदिवसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की प्रश्न यायला लागतात. नेदरलँड्समध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबं, शिकायला आलेली मुलं, लेकीकडे किंवा मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. तीच उत्तरं दर वर्षी नव्याने लिहिण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. कोनिंग्सडाख म्हणजे नेमकं काय, आणि तो कधी असतो?

कोनिंग म्हणजे राजा, डाख म्हणजे दिवस. नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर यांचा जन्म २७ एप्रिल १९६७चा, म्हणून २७ एप्रिलला हा राष्ट्रीय सण. पण नावावरून मिरवणूक, राजवाडा, सलामी असं काही डोळ्यांसमोर आलं असेल, तर ते बाजूला ठेवा. या दिवशी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडते ती फूटपाथवर. लोक घरातल्या जुन्या वस्तू आणून मांडतात, मुलं खेळणी विकतात, गल्लीच्या कोपऱ्यावर कोणीतरी वाद्य वाजवत उभं असतं आणि अख्खं गाव नारिंगी कपड्यांत बाहेर पडलेलं असतं. अरुबा, कुरासाव आणि सिंट मार्टेन हे कॅरिबियनमधले देशही याच राज्याचे घटक असल्यामुळे तिथेही हा दिवस पाळतात.

२. २७ एप्रिल रविवारी आला तर?

मग सण एक दिवस आधी, शनिवारी २६ तारखेला होतो. २०१४ सालचा अगदी पहिला कोनिंग्सडाख असाच २६ला झाला आणि २०२५चाही. पुढचा असा योग २०३१मध्ये आहे. सोमवारी बदली सुट्टी मिळत नाही, त्यामुळे त्या वर्षी नोकरदारांची एक सुट्टी बुडते.

३. आमच्याकडच्या जुन्या प्रवासपुस्तकात ३० एप्रिल आणि 'राणीचा दिवस' असं लिहिलंय. ते चूक आहे का?

चूक नाही, जुनं आहे. २०१३पर्यंत ३० एप्रिलच होता. २०१४मध्ये बरेच पर्यटक खरोखरच ३० तारखेला नारिंगी टोप्या घालून अ‍ॅमस्टरडॅममध्ये उतरले होते. त्यांच्यासाठी डच लोकांनी 'चूक' आणि 'पर्यटक' हे दोन शब्द जोडून एक नवा शब्दही केला: फरखिसटुरिस्ट.

तारीख का सरकत गेली ते समजून घेण्यासारखं आहे. सुरुवात १८८५ची, ३१ ऑगस्टची. राजकन्या विल्हेल्मिना त्या दिवशी पाच वर्षांची झाली. तिचे वडील, राजे तिसरे विलेम, तेव्हा फारसे लोकप्रिय नव्हते. देशात धर्म आणि पक्ष यांवरून फळ्या पडल्या होत्या. लोकांना एकत्र आणायला या लहान मुलीचा वाढदिवस बरा, असा विचार उट्रेख्तमध्ये पुढे आला आणि 'राजकन्येचा दिवस' सुरू झाला. १८९०मध्ये वडील वारले, दहा वर्षांची विल्हेल्मिना राणी झाली आणि पुढच्या वर्षीपासून तो 'राणीचा दिवस' झाला. शाळेच्या उन्हाळी सुट्टीचा शेवट त्याच सुमारास येत असल्यामुळे पोरांना तो फार आवडायचा. म्हणजे हा सण पहिल्यापासूनच मुलांचा आहे.

१९४८मध्ये युलियाना गादीवर आल्या. त्यांचा वाढदिवस ३० एप्रिलचा, म्हणून १९४९पासून ती तारीख. १९८०मध्ये त्यांची मुलगी बेआट्रिक्स राणी झाली. तिचा वाढदिवस ३१ जानेवारीला, म्हणजे ऐन थंडीत. तिने आईच्या मानाखातर ३० एप्रिलच कायम ठेवला. ३० एप्रिल २०१३ला तिने मुलाच्या हाती राज्य सोपवलं आणि पुढच्या वर्षीपासून २७ तारीख आली.

४. सगळं नारिंगी का असतं? झेंडा तर लाल-पांढरा-निळा आहे.

राजघराण्याचं नाव ओरान्ये-नासाव. यातलं ओरान्ये म्हणजे आजच्या दक्षिण फ्रान्समधलं ओरांज हे छोटंसं संस्थान. १५४४मध्ये ते वारशाने विलेम नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाकडे आलं. हाच मुलगा मोठेपणी स्पेनविरुद्धच्या बंडाचा नेता झाला आणि डच लोक त्याला राष्ट्रपिता मानतात. गावाच्या नावाशी फळाचं आणि रंगाचं नाव जुळलं आणि रंग घराण्याला चिकटला तो कायमचा. त्या बंडाच्या काळात झेंड्याचा वरचा पट्टाही नारिंगी असायचा. पुढे तो लाल झाला आणि १९३७च्या राजाज्ञेने लाल-पांढरा-निळा हे रंग पक्के ठरले. नारिंगी उरला तो झेंड्यावर लावायच्या लांब फितीत (प्रश्न १५ पाहा).

५. नवीन नारिंगी कपडे घ्यायला हवेत का? आमच्याकडे भगवा झब्बा आहे.

झब्बा घाला. उत्तम दिसतो. नारिंगी साडी, ओढणी, गणपतीतला फेटा, सगळं चालतं आणि लोक थांबून कौतुकही करतात. दुकानांत मिळणारे प्लास्टिकचे मुकुट आणि पिसांचे हार एका दिवसात कचऱ्यात जातात, त्यावर पैसे घालवू नका. आतून एक स्वेटर मात्र हवाच. एप्रिलअखेरीचं इथलं ऊन फसवं असतं.

६. फ्रायमार्क्ट म्हणजे काय? कोणीही वस्तू विकू शकतं?

शब्दशः 'मुक्त बाजार'. वर्षात या एका दिवशी सामान्य माणसाला परवाना न काढता, कर न भरता रस्त्यावर बसून आपल्या जुन्या वस्तू विकता येतात. पुण्याचा जुना बाजार डोळ्यांसमोर आणा. फक्त विकणारे व्यापारी नाहीत, शेजारीपाजारी आहेत. कपबश्या, स्केट्स, ग्रामोफोनच्या तबकड्या, आजोबांची हत्यारं, अर्धी भरलेली रंगपेटी, एकच पाय शाबूत असलेली बाहुली, सगळं काही असतं.

तुम्ही इथे कालच आला असलात तरी बसू शकता. नागरिकत्वाचा काही संबंध नाही. वेळा आणि जागा मात्र तुमची खमेंटे, म्हणजे नगरपालिका, ठरवते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये सकाळी सहाला सुरू होतं. उट्रेख्तमध्ये आदल्या संध्याकाळी सहालाच सुरू होऊन रात्रभर चालतं. अ‍ॅमस्टरडॅमचं फोंडेलपार्क हे मुलांसाठी राखीव आहे, तिथे मोठ्यांनी दुकान थाटायचं नसतं. एप्रिलच्या सुरुवातीला खमेंटेच्या संकेतस्थळावर नकाशा येतो. तो बघूनच जागा ठरवा.

७. आम्हाला मुलांसोबत बसायचंय. काय काय तयारी लागते?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी आम्ही फक्त बघायला गेलो होतो. खूप चाललो, फोटो काढले, दमून घरी आलो. दुसऱ्या वर्षी शेजारच्या डच आजींनी लेकीला विचारलं, "तुझं क्लेच्ये कुठे असणार आहे?" क्लेच्ये म्हणजे छोटी सतरंजी, जिच्यावर माल मांडायचा. तिचं क्लेच्ये नव्हतंच. आजींनी माळ्यावरून एक चौकड्यांची चादर काढून दिली आणि आम्ही घाईघाईत घर धुंडाळलं. कोडी, लहान झालेले बूट, चित्रांची पुस्तकं आणि एक जास्तीचं पोळपाट-लाटणं. त्या पोळपाटाने दिवस गाजवला. एका बाईंनी हे काय म्हणून विचारलं, तर लेकीने खेळण्यातल्या पिठाचा गोळा घेऊन तिथेच पोळी लाटून दाखवली. थोडी भारताच्या नकाशासारखी झाली, पण झाली. चार-पाच माणसं जमली. पोळपाट तीन युरोला गेला आणि सहा वर्षांच्या पोरीला आपण या गल्लीतलेच आहोत हे त्या दिवशी कळलं. मलाही.

तर तयारी अशी. चादर किंवा सतरंजी, खाली अंथरायला प्लास्टिक, बसायला घडीची खुर्ची, थर्मास, डबा. सुट्टे पैसे आठवडाभर आधीपासून जमवा. पन्नास सेंट, एक आणि दोन युरोची नाणी भरपूर हवीत. मोठी माणसं टिकी अ‍ॅपने पैसे देतात, त्यासाठी कोड छापून ठेवला तर बरं. किमती मुलांनाच लिहू द्या. लवकर पोहोचा. रस्त्यावर खडूने किंवा चिकटपट्टीने चौकोन आखून त्यात 'बेझेट', म्हणजे 'जागा घेतली आहे', असं लिहिलेलं दिसेल. काही खमेंटे हे मानतात, काही मानत नाहीत. पण लिहिलेलं असेल तर तिथे बसू नका, शेजार बिघडतो.

फक्त वस्तूच विकायला हव्यात असंही नाही. तबला वाजवा, मेंदी काढा, बुद्धिबळाचा पट मांडून एका डावाचा एक युरो घ्या. आमच्या कोपऱ्यावर दर वर्षी एक मुलगा व्हायोलिन वाजवतो. पहिल्या वर्षी त्याला दोनच धून यायच्या आणि तो त्या तीन तास आलटून पालटून वाजवत होता. आजी प्रत्येक फेरीला त्याच्या पेटीत नाणं टाकायच्या. आता तो चांगला वाजवतो.

उरलेला माल परत न्यायचा किंवा क्रिंगलोपला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानाला, द्यायचा. रस्त्यावर सोडून जाऊ नका, दंड होऊ शकतो.

८. घरी केलेले बटाटेवडे विकले तर चालेल?

इथे जपून. जुन्या वस्तूंना असलेली मोकळीक खाण्याच्या पदार्थांना सगळीकडे नाही. गॅस, शेगडी, तळण यांना बहुतेक गावांत मनाई असते आणि दारू विकायला तर परवाना लागतोच. मुलांनी घरचा केक, बिस्किटं, लिंबू सरबत विकणं सर्रास चालतं. नानकटाई, शंकरपाळे छान खपतात. घटक काय आहेत ते डचमध्ये लिहिलेली चिठ्ठी समोर ठेवा. दाण्याचा लाडू किंवा चिक्की ठेवणार असाल, तर शेंगदाणा असल्याचं मोठ्या अक्षरांत लिहा, कारण दाण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं शाळेत भेटतात तशी इथेही भेटतात.

९. घासाघीस करतात का?

करतात, पण हसून आणि थोडीच. मोठ्या माणसाने पाच युरो सांगितले तर तीन म्हणून बघावं. लहान मुलाच्या सतरंजीवर मात्र घासाघीस करायची नाही. पन्नास सेंटची गोष्ट पन्नास सेंटलाच घ्यावी. दुपारी तीननंतर भाव आपोआप उतरतात आणि शेवटी शेवटी लोक वस्तू फुकटही देतात.

१०. शाळेतून 'कोनिंग्सस्पेलन'ची चिठ्ठी आली आहे. हे वेगळं काय?

'राजाचे खेळ'. २०१३मध्ये, राजे गादीवर येण्याच्या काही दिवस आधी, हा उपक्रम सुरू झाला. प्राथमिक शाळांत सणाच्या सुट्टीआधीच्या एखाद्या शुक्रवारी मुलं एकत्र नाश्ता करतात आणि मग खेळतात. मुलाला नारिंगी कपडे आणि मळले तरी चालतील असे बूट द्या. शाकाहारी असाल तर नाश्त्याबद्दल शिक्षकांना आधी कळवा.

गल्लीतले जुने खेळ २७लाच असतात. पोत्यात पाय घालून शर्यत आपल्याला माहीतच आहे. कूकहाप्पनमध्ये दोरीला टांगलेला मसाल्याचा केक हात न लावता तोंडाने पकडायचा. स्पायकरपूपनमध्ये कमरेला मागून दोरी बांधतात, तिला खिळा लोंबत असतो आणि न बघता खाली बसत तो बाटलीच्या तोंडात घालायचा. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे खेळतात.

११. ऑफिसला सुट्टी असतेच का? दुकानं?

राष्ट्रीय सुट्टी असली तरी मालकाने सुट्टी द्यावीच असा कायदा इथे नाही. तुमचा करार किंवा त्या क्षेत्राचा सामूहिक करार काय म्हणतो ते बघा. बहुतेकांना मिळते. दवाखाने, हॉटेलं, गोदामं चालू असतात. किराणा दुकानं बरीच उघडी असतात, पण लवकर मिटतात. शाळांची मेची सुट्टी अनेकदा याच सुमारास सुरू होते.

१२. अ‍ॅमस्टरडॅमला जावं का?

एकदा तरुणपणी, मित्रांसोबत, जरूर. कालव्यांतल्या नारिंगी होड्या बघण्यासारख्या असतात. पण बाबागाडी किंवा आई-बाबा सोबत असतील तर माझं ऐका, आपल्या गावातच थांबा. आम्ही एका वर्षी लहान बाळाला घेऊन गेलो. एका पुलावर गर्दीत पाऊण तास हलता आलं नाही, स्वच्छतागृह सापडलं नाही, आणि बाळ व आम्ही तिघेही रडवेले होऊन परतलो. मध्यभागातल्या ट्रॅम बंद असतात. रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि त्या दिवशी गाडीत सायकल नेऊ देत नाहीत. घडीची चालते.

२६च्या रात्रीला कोनिंग्सनाख्ट, 'राजाची रात्र', म्हणतात. हेग आणि उट्रेख्तमध्ये ती जोरात असते. तिथे संगीत आणि बिअर, मुलांसाठी काही नाही.

१३. राजा खरंच दिसतो का?

दिसतो. राजे कुटुंबासह दर वर्षी एका गावाला भेट देतात. युलियाना राणींच्या काळी लोक फुलं घेऊन सूस्टडाइकच्या राजवाड्यासमोरून जायचे आणि त्या पायऱ्यांवर उभ्या असायच्या. बेआट्रिक्स यांनी ते उलटं केलं आणि स्वतः गावोगावी जायला लागल्या. आताचे राजे २०१४मध्ये डे रायप आणि अ‍ॅम्स्टलफेनला आले होते. ज्या अ‍ॅम्स्टलफेनमध्ये आज इतकी भारतीय कुटुंबं राहतात, तेच. २०२३मध्ये रॉटरडॅम, २०२४मध्ये एमेन, २०२५मध्ये डूटिंखेम. पुढचं गाव आधीच जाहीर होतं.

तपासणी कडक असते, त्याला कारण आहे. ३० एप्रिल २००९ला आपेलडोर्नमध्ये एकाने राजघराण्याच्या बसच्या दिशेने गाडी गर्दीत घातली. सात माणसं गेली आणि तो चालकही. लवकर जा, पिशवी छोटी ठेवा आणि पोलिसांनी थांबवलं तर चिडू नका.

१४. काय खावं? आम्ही शाकाहारी आहोत, अंडं खात नाही.

दिवसाचा पदार्थ म्हणजे टॉम्पूस: दोन कुरकुरीत पापुद्र्यांमध्ये पिवळं घट्ट कस्टर्ड आणि वर साखरेचा थर. तो थर एरवी गुलाबी असतो, आज नारिंगी. दातांनी चावलात तर कस्टर्ड दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. वरचा पापुद्रा अलगद काढून उलटा खाली ठेवायचा आणि मग काट्याने खायचा, ही आजींची पद्धत. त्यात अंडं असू शकतं, कधी जिलेटिनही, म्हणून वेष्टन वाचा. पोफर्ट्येस या छोट्या गुबगुबीत पॅनकेकमध्येही अंडं असतं. बटाट्याचे गरम फ्रित मात्र सगळीकडे मिळतात, फक्त कशात तळलेत ते विचारा, काही ठिकाणी जनावराची चरबी वापरतात. मोठ्यांसाठी ओरान्येबिटर हे नारिंगी मद्य असतं.

१५. घरावर झेंडा लावू का? आणि शुभेच्छा काय द्यायच्या?

लावा. राजघराण्याच्या वाढदिवसांना झेंड्याच्या वर नारिंगी फीत लावतात. झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही आणि सूर्य मावळताना उतरवायचा. फीत जपून ठेवा, पण ५ मेच्या मुक्तिदिनाला ती लावायची नसते. ४ मेच्या स्मृतिदिनी झेंडा अर्ध्यावर असतो आणि रात्री आठला अख्खा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो.

शुभेच्छा साधी: "फाइन कोनिंग्सडाख!" राष्ट्रगीत कुठे लागलं तर उभं राहावं. पंधरा कडव्यांपैकी सहसा पहिलं, आणि फार तर सहावं म्हणतात.

१६. २६ तारखेला शेजाऱ्यांना महापौरांनी पदक दिलं. ते कशाचं?

त्याला लिंत्येसरेखन, 'फितींचा पाऊस', म्हणतात. सणाआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी देशभरात समाजासाठी वर्षानुवर्षं काम केलेल्यांना राजाच्या वतीने मानचिन्ह मिळतं. ग्रंथालयात मदत करणारे, गावातल्या क्लबचे हिशेब सांभाळणारे, अशी साधी माणसं त्यात खूप असतात. कोणीही नाव सुचवू शकतं. आपल्यातही अशी माणसं आहेत. अर्ज मात्र बरेच महिने आधी करावा लागतो.

१७. वेंगुर्ल्याला डच वखार आहे. ते डच याच राजाचे का?

नाही. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यात वखार घातली ती डच ईस्ट इंडिया कंपनीने, आणि तेव्हा नेदरलँड्स हे प्रजासत्ताक होतं. ओरान्ये घराण्यातले लोक तेव्हा राजे नव्हते, 'स्टाटहौडर' नावाचे अधिकारी होते. आजचं राज्य १८१५चं.

१८. मला राजेशाही पटत नाही. तरी साजरा करावा का?

पुष्कळ डच लोकांनाही पटत नाही. राजाच्या खर्चावर उघड टीका होते, प्रजासत्ताक हवं म्हणणाऱ्या संघटना आहेत आणि तेच लोक दुपारी सतरंजीवर पुस्तकं विकताना दिसतात. दुसरी बाजूही नजरेआड करू नये. या घराण्याच्या आणि देशाच्या संपत्तीत गुलामगिरीचा वाटा आहे. १ जुलै २०२३ला राजांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या ओस्टरपार्कमध्ये त्याबद्दल माफी मागितली. मी राजासाठी बसत नाही, गल्लीसाठी बसते. तुम्ही तुमचं ठरवा, कोणी विचारणार नाही.

१९. पाऊस पडला तर रद्द होतं?

नाही. लोक ताडपत्री बांधतात आणि बसतात. रद्द झालं ते २०२० आणि २०२१मध्ये, कोरोनामुळे. तेव्हा 'कोनिंग'ऐवजी 'वोनिंग', म्हणजे घर, असा शब्द घालून 'वोनिंग्सडाख' केला आणि माणसं दारात, खिडकीत उभी राहिली. मास्ट्रिख्तची राहिलेली भेट राजांनी २०२२मध्ये पुरी केली.

२०. पुढे अमालिया राणी झाली की तारीख बदलेल का?

राजांची थोरली मुलगी, राजकन्या अमालिया, हिचा जन्म ७ डिसेंबर २००३चा. ती राणी झाली की नाव पुन्हा 'राणीचा दिवस' होईल. तारखेचं तेव्हा ठरेल. डिसेंबरमध्ये सकाळी आठला अंधार असतो, ५ तारखेला सिंटरक्लासचा सण नुकताच झालेला असतो आणि थंड दगडावर मुलं तासन्‌तास बसू शकत नाहीत. बेआट्रिक्स यांनी आईची तारीख ठेवली तो पायंडा समोर आहेच. तोवर २७ एप्रिल, आणि रविवार असेल तर २६.